अंगाला वाफसा: मामांच्या पायांची एका हिवाळ्याची केस

पेशंट म्हणजे माझे सख्खे मामा. वय ६८, शेतकरी, चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी गाव, सहा एकर काळी जमीन, त्यात कापूस, गहू आणि थोडी केळी. बीपीची गोळी चालू, शुगर कधी तपासलेली नाही, तंबाखू आहे, दारू नाही. तक्रार एकच, दोन्ही नडग्यांना खाज, दिवाळीपासून. मी अमळनेरला मेडिकल चालवतो, काउंटरवर उभं राहून १९ वर्षं झाली, त्यामुळे हे मी डॉक्टर म्हणून नाही तर मेडिकलवाला म्हणून लिहितोय, आणि या केसमधली सगळ्यात मोठी चूक मेडिकलवाल्याचीच आहे ते आधीच सांगून टाकतो.

आपल्या खान्देशातली थंडी बाहेरच्या माणसाला पटत नाही. उन्हाळ्यात ४५ डिग्रीत भाजून काढणारा हाच पट्टा डिसेंबर-जानेवारीत धुळ्याचा पारा ६-७ वर नेऊन ठेवतो, आणि त्याच दिवशी दुपारी शर्टाच्या बाह्या वर कराव्या लागतात. थंड हवेत मुळात पाणी कमी मावतं, आणि तीच हवा दुपारी तापली की अजून कोरडी होते, मग तिला जिथून ओल मिळेल तिथून ती ओढते. दोरीवरची गोधडी दोन तासात खडखडीत वाळते, कापसाचं बोंड छान फुलतं, आणि माणसाचं अंग उलतं. कोकणातला माझा एक मित्र म्हणतो आमच्याकडे एवढा त्रास नाही होत, अरे तुमच्याकडे समुद्र आहे बाबा, आमच्याकडे तापी आहे पण ती हवेला किती पुरणार.

तर दिवाळीनंतर मामांच्या नडग्या पांढऱ्या पडायला लागल्या. सुरुवातीला कोणी मनावर घेतलं नाही, हिवाळ्यात सगळ्यांच्याच पडतात. नातू तर नखाने त्यांच्या पायावर पाटीसारखा अ काढायचा आणि मामा हसायचे. मामी रोज सकाळी खोबरेल तेलाची बाटली चुलीजवळ ठेवायची, कारण खोबरेल २४ डिग्रीच्या खाली गोठतं आणि आपल्याकडे नोव्हेंबरपासून बाटली उलटी केली तरी थेंब पडत नाही. तेल पातळ झालं की मामांच्या पायांना लावायची. औषध चुकीचं नव्हतं, पण वेळ बघा. दिवाळीच्या अभ्यंगाची सवय, म्हणून तेल आंघोळीच्या आधी. मग मामा आंघोळीला जायचे आणि लावलेलं सगळं साबणाने खरवडून मोरीत सोडून यायचे.

आंघोळीचं तर वेगळं प्रकरणच आहे. अंगणात तांब्याचा बंब, त्यात तुराट्या-पऱ्हाट्या घालून पाणी असं उकळायचं की बादलीत विसण घातल्याशिवाय कोणाला हात लावता येणार नाही. मामा विसण घालायचे नावाला, अर्धा तांब्या. खाज सुटली की गरम पाण्याने इतकं बरं वाटतं म्हणे की उठावंसं वाटत नाही, त्यामुळे पाच मिनिटांची आंघोळ अर्ध्या तासावर गेलेली. पाणी बोअरचं, खारं, त्यात साबणाला फेस येत नाही म्हणून साबण दोनदा. आणि शेवटी टाचेला घासायची वजरी घेऊन नडग्या घासायच्या, खाज जिरेपर्यंत. पाय लालभडक. मग शेकोटी.

शेकोटीचं पण सांगतो. गव्हाला पाणी भरायचं तर शेतीची लाईट आठवड्याआड रात्रीची. रात्री अकराला जायचं, अनवाणी चिखलात उभं राहून पाणी फिरवायचं, तीनला परत यायचं आणि गोठ्यासमोर शेकोटी पेटवून तिच्याकडे पाय लांब करून बसायचं. थंडीत रात्रभर चिखलात उभ्या राहिलेल्या माणसाला शेकोटीपासून लांब बस म्हणणं सोपं नाही, मी म्हणून बघितलंय.

नोव्हेंबरच्या मध्यात मामांचा फोन आला. "भाचा, पायले भलती खाज येस रे, एखादी चांगली ट्यूब धाड."

मी धाडली.

एक प्रश्न विचारला नाही. कधीपासून, कुठे, कशी दिसते, घरात अजून कोणाला आहे का, काही नाही. समोर चार गिऱ्हाईकं उभी होती आणि खाज म्हटलं की आमचा हात ज्या खणाकडे जातो तिकडे गेला. तीन-इन-वन ट्यूब, म्हणजे एकात क्लोबेटासोल नावाचं स्टेरॉइड, एक अँटिबायोटिक आणि एक बुरशीवरचं औषध. क्लोबेटासोल हे अंगाला लावायच्या स्टेरॉइडमधलं सगळ्यात जबरदस्त, डॉक्टर लोक ते मोजून दोन आठवड्यांच्या वर सहसा देत नाहीत. २०१८ साली सरकारने अशी १४ स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत म्हणून शेड्यूल एच मध्ये टाकली, हे मला माहीत नव्हतं असं नाही. मामाच आहेत म्हणून चिठ्ठीचा विचारच आला नाही डोक्यात. गावाकडे जाणाऱ्या एका पोराच्या हाती पाठवली, पैसेही घेतले नाहीत, म्हणजे वर पुण्य केल्याचं समाधान.

चार दिवसांनी फोन, "गुण उना भो!" येणारच. हे औषध खाज आणि लाली अशी दाबतं की माणूस त्याला देव मानतो. पण अंग कोरडं का पडलंय त्याला ते काहीच करत नाही. बंद केलं की खाज दुपटीने वर येते, मग परत लावा. मामांनी पाच आठवडे लावली, चार ट्यूब, शेवटच्या दोन गावातल्याच दुकानातून रिकामी ट्यूब दाखवून आणल्या. मधल्या काळात कमरेला पायजम्याच्या नाडीखाली एक छोटा नायटा होता त्यालाही तीच लावली, आणि शेजारच्या दोघांनाही लावायला दिली. चांगली वस्तू माणूस एकटा कशी वापरेल.

डिसेंबरात सारंगखेड्याची दत्ताची यात्रा असते, घोड्यांचा बाजार. मामांना घोडा घ्यायचा नसतो पण दरवर्षी बघायला जातात. त्या वर्षी जाऊन आले आणि रात्रभर झोपले नाहीत, खाजवून खाजवून चादरीला रक्त लागलं तेव्हा मामीने मला फोन केला, "बाबा, तू एकदा येऊनच बघ." रविवारी तापीचा पूल ओलांडून गेलो. शेतात भरीत पार्टी ठरलेली होती, तुराट्यांवर वांगी भाजून झालेली, कळण्याच्या भाकरी, कांद्याची पात, सगळं. आणि मामा बाजूला बसून वरण-भात खात होते. खान्देशातला माणूस भरीत पार्टीत वरण-भात खातोय हे बघून मला पायांपेक्षा त्याचंच जास्त वाईट वाटलं. कोणीतरी सांगितलं होतं वांगं खाजरं असतं, बंद करा. अजून कोणी सांगितलं रक्त खराब झालंय, कडुलिंबाचा रस प्या, तोही पंधरा दिवस चालू होता. एकाने रॉकेल चोळायला सांगितलं होतं, ते मामीने होऊ दिलं नाही, नशीब.

मग मामांनी पायजमा गुडघ्यापर्यंत वर केला. मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांचे पाय नीट बघितले. उन्हाळ्यात पाणी आटलेल्या तळ्याचा तळ कसा तडकतो, चौकोनी-पंचकोनी ढपल्या आणि मधे भेगा, अगदी तसं दोन्ही नडग्यांवर. भेगांच्या कडा लाल, दोन ठिकाणी चिकट पाणी येत होतं. जिथे ट्यूब जास्त लागली होती तिथली कातडी पातळ, कांद्याच्या पापुद्र्यासारखी चकचकीत, आणि खाट लागली तरी उमटतील असे जांभळे डाग. आणि आतल्या बाजूला, गुडघ्याच्या खाली, एक तपकिरी जाळी, मासे धरायचं जाळं अंगावर छापल्यासारखी. ती कसली ते मला काही कळलं नाही. टाचांच्या भेगांचं तर बोलूच नका, एका भेगेत नाण्याची कड बसली असती. त्या ते ब्लेडने तासायचे.

दुसऱ्या दिवशी जळगावला स्किनच्या डॉक्टरांकडे.

मला वाटलं होतं डॉक्टर पाय बघतील आणि लिहून देतील. त्यांनी पायाला हात लावायच्या आधी विचारलं, "बाबा, आंघोळ कशी करता?" आणि मग दहा मिनिटं तेच. पाणी किती गरम, किती वेळ, साबण कुठे कुठे, कशाने घासता, आंघोळीनंतर काय लावता. मामा खुशीत सांगत होते, बंबाचं वर्णन वगैरे, आणि मी खुर्चीत खाली खाली जात होतो कारण यातला एक जरी प्रश्न मी फोनवर विचारला असता तर. मग खरजेचे प्रश्न, घरात अजून कोणाला खाजतं का, रात्री वाढतं का, बोटांच्या बेचक्यात, मनगटाला, बेंबीजवळ पुरळ आहे का. नव्हतं. हे विचारणं फार महत्त्वाचं, कारण हिवाळ्यात एकाच गोधडीत चारजण झोपतात आणि खरूज असेल तर तिला तेलपाणी करून काही होत नाही, सगळ्या घराला एकदम औषध लागतं.

मग त्यांनी ती जाळी बघितली आणि विचारलं, "शेकोटीला रोज बसता ना? पाय असे पुढे करून?" मामा माझ्याकडे बघून हळूच, "याले कसं समजनं?" ज्योतिष्याकडे आल्यासारखे. डॉक्टरांनी सांगितलं की भाजणार नाही एवढी पण रोजची धग एकाच जागी लागत राहिली की कातडीतल्या रक्तवाहिन्यांच्या जाळ्याप्रमाणे असे डाग उमटतात, शेकोटी, शेगडी, हीटर, गरम पाण्याची पिशवी, मांडीवरचा लॅपटॉप, कशानेही. लवकर थांबवलं तर हळूहळू जातात, वर्षानुवर्षं चालू राहिलं तर कायमचे राहतात, आणि क्वचित तिथे कॅन्सरही होऊ शकतो म्हणून लक्ष ठेवायचं.

कमरेचा नायटा आता नायट्यासारखा दिसतच नव्हता, पसरट लालसर डाग, कड पुसट. तिथून थोडं खरवडून काचेवर घेतलं, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साईडचा थेंब टाकून मायक्रोस्कोपखाली बघितलं, बुरशी निघाली. स्टेरॉइडने तिचं रूप बदललं होतं, आत ती आरामात पसरत होती. डॉक्टरांनी विचारलं ट्यूब कोणी दिली, मामा म्हणाले "गावातून." माझ्याकडे बघितलंही नाही त्यांनी. मीच म्हटलं, सर मी दिली. डॉक्टर काही बोलले नाहीत, फक्त लिहीत राहिले, ते बोलले असते तर बरं झालं असतं.

तर निदान असं: नडग्यांना कोरडेपणाचा एक्झिमा, तो भेगाळलेला प्रकार जो उतारवयात आणि हिवाळ्यात होतो. सोबत स्टेरॉइडने पातळ झालेली कातडी, शेकोटीची जाळी, कमरेला रूप बदललेला नायटा, आणि टाचांच्या भेगा. रक्ताच्या तपासण्या सांगितल्या, शुगर, किडनी, लिव्हर, थायरॉइड, कारण वयस्कर माणसाला अंगभर खाज सुटली तर तिचं मूळ कधी कधी आत असतं. किडनी-लिव्हर-थायरॉइड ठीक आलं, तीन महिन्यांची सरासरी शुगर मात्र ६.१, म्हणजे डायबेटिस नाही पण त्याच्या उंबरठ्यावर. हे एक फुकटात कळलं.

डॉक्टरांनी मामांना कसं समजावलं ते मला फार आवडलं, मी आता दुकानात तसंच सांगतो. म्हणाले, कातडीचा सगळ्यात वरचा थर म्हणजे विटांची भिंत समजा, पेशी म्हणजे विटा आणि मधला सिमेंट म्हणजे चरबी. ती चरबी ओल धरून ठेवते. वय वाढलं की सिमेंट कमी तयार होतं, आणि नडगीवर तेलाच्या ग्रंथी मुळातच कमी, म्हणून सगळ्यात आधी तीच तडकते. कढत पाणी आणि साबण ते सिमेंट धुऊन नेतात. कातडी थोडी आंबट असते, पीएच पाचच्या आसपास, आणि आपला नेहमीचा साबण नऊ-दहाचा, त्यात खारं पाणी, म्हणजे साबणाचा चिकट थर नीट निघतही नाही, अंगावरच बसतो. वर वजरी. मग भेगा पडणार नाहीतर काय. तुमच्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात पडतात तशाच.

जमीन म्हटल्यावर मामा सरसावून बसले. डॉक्टर पुढे म्हणाले, आंघोळ झाली की पंच्याने टिपायचं, घासायचं नाही, अंग अजून दमट असतानाच, तीन मिनिटांच्या आत मलम लावायचं. पूर्ण ओल्या अंगावर लावलं तर धरत नाही, पूर्ण वाळल्यावर लावलं तर आत कोंडायला ओलच उरत नाही. मामांनी अर्धा मिनिट विचार केला आणि म्हणाले, "म्हनजे वाफसा उना की लावनं." वाफसा म्हणजे जमिनीत चिखलही नाही आणि कोरडही नाही, अशी पेरणीजोगी ओल. डॉक्टर जळगावचेच, शेतकऱ्याच्या घरातले असावेत, इतके हसले. म्हणाले, बाबा, हेच मी पंधरा वर्षं लोकांना समजावतोय पण हा शब्द सुचला नव्हता.

मलम म्हणजे पहिले दोन आठवडे फक्त पेट्रोलियम जेली, साधी, वास नसलेली. मामांना वाटलं एवढ्या लांब येऊन हे काय दिलं. या वस्तूचं पेटंट १८७२ सालचं आहे, आणि आजही कातडीतली ओल उडू न देण्यात तिच्या तोडीचं फार काही निघालेलं नाही. दोन-अडीच हजारांच्या क्रीम मी पण विकतो, वाईट नसतात, चिकट लागत नाहीत, वास छान येतो, बस. भेगा भरल्यावर मग १० टक्के युरियाचं क्रीम. युरिया म्हटल्यावर मामा परत चमकले, गोणीतला? नाही हो, औषधी, पण नाव तेच, तो ओल धरून ठेवतो आणि खवले मऊ करतो. उघड्या भेगांवर लावला तर असा झोंबतो की माणूस डबा फेकून देईल, म्हणून आधी जेली. एक मध्यम ताकदीचं स्टेरॉइड मलम फक्त लाल चट्ट्यांवर, रात्री एकदा, दहा दिवस, मग दिवसाआड आठवडाभर, मग बंद. हो, स्टेरॉइडच, पण मोजून मापून. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूब पिळली की साधारण अर्धा ग्रॅम, तेवढ्यात दोन तळहातांएवढी जागा होते. कमरेला बुरशीचं वेगळं मलम आणि गोळ्या, तिकडे स्टेरॉइडचा थेंबही नाही.

आता मापाचं निघालंच आहे तर, हे मेडिकलवाल्याच्या नजरेने सांगतो. लोक हिवाळ्यात एक २० ग्रॅमची क्रीम नेतात आणि मार्चमध्ये म्हणतात काही फरक नाही पडला. मोठ्या माणसाच्या पूर्ण अंगाला एका वेळी नीट लावायचं तर २० ते ३० ग्रॅम लागतं! नुसते दोन पाय म्हटलं तरी आठेक ग्रॅम. म्हणजे दिवसातून दोनदा लावलं तर आठवड्याला शंभर ग्रॅमच्या वर. म्हणून स्वस्त आणि मोठा डबा घ्या, महागडी छोटी ट्यूब नको, कारण महाग वस्तू माणूस काटकसरीने लावतो.

साबण फक्त काखेत, जांघेत आणि पावलांना. बाकी अंगाला नुसतं पाणी. साबणावर टीएफएम लिहिलेलं असतं, म्हणजे साबणातल्या एकूण चरबीचं प्रमाण, ७६ टक्क्यांच्या वर असला की ग्रेड १, लोक ते बघून घेतात आणि वाटतं की हा सौम्य. तसं नाही, टीएफएम जास्त म्हणजे भेसळ-भरताड कमी, पण तो साबणच, पीएच तेवढाच. सौम्य पाहिजे तर साबण नसलेला वडीसारखा सिंडेट बार मिळतो.

वांग्याचं मीच विचारलं. डॉक्टर म्हणाले, खाल्ल्यावर तासाभरात तोंड-घसा खाजत असेल, गांधी उठत असतील तर सोडा, नाहीतर कोरड्या कातडीचा वांग्याशी संबंध नाही. कडुलिंबाचा रस बंद. मामांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा उजेड दिसला.

आता सगळं गोड झालं असं वाटेल, पण पुढचे दहा दिवस वाईट गेले. जबरदस्त स्टेरॉइड सोडून हलकं दिलं की आधी भडका उडतो, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण सांगणं वेगळं आणि रात्री दोनला खाजत बसणं वेगळं. पाचव्या दिवशी फोन आला, "तुना डॉक्टर येडा शे, ती पहिलीच ट्यूब धाड." मी नाही म्हटलं. मामांना आयुष्यात पहिल्यांदा नाही म्हटलं असेन. खाज असह्य झाली तर गार पाण्यात पंचा पिळून दहा मिनिटं पायावर ठेवा, मग परत जेली, असं सांगितलं आणि फोन मामीला द्यायला लावला. इथून पुढची ट्रीटमेंट खरं तर मामीनेच केली. वजरी लपवून ठेवली. मोरीत बादली स्वतः भरून ठेवायला लागली, विसण तिच्या हिशोबाने, कोपर बुडवून बघायचं, बाळाला घालतो तसं. आणि जेलीचा डबा मोरीच्या बाहेर खुंटीखाली, पंच्याच्या शेजारी. डबा घरात कपाटात असता तर तीन मिनिटांचा नियम कोणी पाळला नसता.

शेकोटीवरून मात्र भांडण झालं. त्यात मला एक जास्तीची भीती होती. पायांना पेट्रोलियम जेली चोपडलेली, ती पायजम्याच्या कापडात मुरते, आणि असं मुरलेलं कापड नेहमीच्या कापडापेक्षा लवकर पेट घेतं आणि जोरात जळतं. ब्रिटनच्या औषध नियामकाने २०१८ मध्ये यावर रीतसर इशारा दिला होता, तिकडे बिडी-सिगारेटने कपडे पेटून माणसं गेली आहेत, आणि आपल्याकडे तर समोर उघडी शेकोटी. कापड धुतलं तरी मुरलेली जेली पूर्ण जात नाही. हे सांगितलं तेव्हा मामा गप्प झाले. तोड अशी निघाली की शेकोटी राहील, पण खाट चार हात मागे, पायात सुती मोजे, आणि पायांवर गोधडी. लोकरीचे मोजे थेट अंगाला नको, टोचतात, खाज वाढते, आतून सुती घातलं तर चालतात. रात्री पाणी भरायला जाताना गमबूट घेऊन दिले. घालतात असं म्हणतात.

टाचांसाठी रोज रात्री कोमट पाण्यात दहा मिनिटं पाय, हलक्या हाताने घासणं, त्यासाठी मामीने लपवलेली वजरी तेवढी बाहेर यायची, मग २५ टक्के युरियाचं मलम आणि मोजे. ब्लेड बंद म्हणजे बंद, शुगर उंबरठ्यावर असलेल्या माणसाने टाच तासायची नसते, जखम चिघळली तर पायावर बेतू शकतं. मामीकडे तिच्या आईची रीत होती, मेण आणि खोबरेल एकत्र वितळवून भेगेत भरायचं. डॉक्टरांना विचारलं, म्हणाले कोमट झाल्यावर भरा, कढत नको, बाकी तत्त्व तेच आहे, वरून झाकणं. आजीला पीएच माहीत नव्हता पण झाकणं माहीत होतं.

पंधराव्या दिवशी भेगा मिटल्या होत्या, लाली गेली होती, झोप लागत होती. संक्रांतीला मी गेलो तेव्हा नातवाने परत नखाने अ काढायचा प्रयत्न केला, उमटला नाही. नायट्याला सहा आठवडे गेले, तो चिवट निघाला. पातळ झालेली कातडी भरून यायला उन्हाळा उजाडला. जाळी फिकी झाली पण गेलेली नाही, उजव्या पायावर अजून दिसते, माहीत असेल तर.

एक गोष्ट मी अर्धवट केली, ती ज्या दोन शेजाऱ्यांना मामांनी ट्यूब दिली होती त्यांच्याकडे जायची. एकाकडे गेलो, त्यांना खरूज होती, अख्ख्या घराला, पाचही जणांना. त्यांना सरकारी दवाखान्यात पाठवलं. दुसरे म्हणाले आम्हाला गुण आहे, तुम्ही कशाला भानगडीत पडता. ते अजून लावताहेत बहुतेक.

दुकानात मी आता खाजेची ट्यूब मागितली की म्हणतो जागा दाखवा. निम्मे लोक चिडतात, काही समोरच्या दुकानात जातात, तिथे न दाखवता मिळते. बायको म्हणते महिन्याला किती गिऱ्हाईक जातं हिशोब कर एकदा. नाही केला.

या वर्षी कोजागिरी होऊन आठवडा झाला होता, अजून पंखे बंद झाले नव्हते, तर सकाळी सातला मामांचा फोन. मला धस्स झालं. म्हटलं काय झालं मामा.

"काही नही रे, वाफसा जाई ऱ्हायना, डबा धाड. मोठा."